गुणांक आणि परीक्षण : व्हिडिओ गेमच्या समीक्षेचा इतिहास, वर्ध्यातील एका जुन्या विचाराच्या संदर्भात

वर्धा येथे दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेचा उल्लेख हस्तोद्योग, मातृभाषा आणि स्वावलंबन ह्या सूत्रांच्या संदर्भात नेहमी होतो. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात अहवाल सादर केला. त्यातील परीक्षाविषयक विवेचनाकडे मात्र त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. प्रचलित परीक्षापद्धती ही ह्या देशातील शिक्षणाला जडलेली पीडा आहे, आणि मुळातच सदोष असलेले शिक्षण परीक्षांच्या अवास्तव माहात्म्यामुळे अधिकच बिघडले आहे, असा समितीचा अभिप्राय होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे गुणांचा आकडा मांडीत बसण्याऐवजी निवडक विद्यार्थिगटांची नमुन्यादाखल पाहणी करावी व तीवरून शाळेच्या कामाची पारख करावी, असा पर्याय तिने सुचविला होता.

ह्याच योजनेतील सूतकताईचा अभ्यासक्रम पाहिला म्हणजे वाचक क्षणभर थबकतो. परीक्षेच्या आकड्यांचा निषेध करणाऱ्या ह्या मंडळींनी मुलाने सहामाहीच्या अखेरीस टकळीवर तीन तासांत किती लट्या सूत काढावे ह्याचे आकडे मात्र काटेकोरपणे दिलेले आहेत. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, ६४० तारांची एक गुंडी, हे माप सेवाग्रामच्या परिसरात पोरासोरांनाही पाठ असे. सुताचा अंक निराळा पाहावयाचा, कस निराळा व समानता निराळी. ह्यात वरवर विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही. सुताची लांबी सुतात असते आणि कोणीही ती पुन्हा मोजून पाहू शकतो. निबंधाचे गुण परीक्षकाच्या मनात असतात. कोणत्या गोष्टीला आकडा शोभतो आणि कोणत्या गोष्टीवर तो लादला जातो, हा विवेक त्या योजनेच्या मुळाशी होता.

ह्या विवेकाची कसोटी पुढे अगदी अनपेक्षित क्षेत्रात लागली. मराठीत ग्रंथाच्या समीक्षेला परीक्षण म्हणतात आणि शाळेतील कसोटीला परीक्षा. दोन्ही शब्दांचे मूळ एक असले तरी व्यवहार एक झाले नाहीत. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये सुरू झाला व विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये. त्या काळापासून मराठी नियतकालिकांत ग्रंथांवर मनमुराद टीका झाली, वाग्बाण सुटले, वर्षानुवर्षे चालणारी वैरेही निर्माण झाली. परंतु ग्रंथाला शंभरापैकी अमुक गुण देण्याची चाल पडली नाही. चिपळूणकर स्वतः शाळामास्तर होते. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून गुण देणे हा त्यांच्या पेशाचा भाग होता, तरी शाळेतील ती लेखणी त्यांनी ग्रंथावर चालविली नाही. मराठी वृत्तपत्रांत चित्रपटांपुढे तारे छापण्याची रीत पुष्कळ उशिरा आली. परीक्षण आणि परीक्षा ह्यांचा पूर्ण संकर जेथे झाला असे क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमची समीक्षा होय. तिचा इतिहास जेमतेम साडेचार दशकांचा आहे. आणि २०२० मध्ये पुण्यात तयार झालेल्या एका खेळाच्या निमित्ताने तो महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला आहे.

व्हिडिओ गेम ह्या एका नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेल्या अनेक गोष्टी येतात, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मोटारींच्या शर्यतीचा खेळ, विमान चालविण्याचा हुबेहूब आभास देणारा खेळ, ऐतिहासिक लढायांचा डाव मांडणारा युद्धखेळ, पात्राची भूमिका घेऊन शेकडो तास चालणारी कथा, पडणाऱ्या ठोकळ्यांची रचना करावयाचे कोडे : ह्या सर्वांना पडदा आणि कळा समान आहेत, ह्यापलीकडे साम्य थोडे. बुद्धिबळ, लगोरी, दशावतार आणि आट्यापाट्या ह्यांचे परीक्षण एकाच कोष्टकात करण्यासारखाच हा प्रकार आहे. ह्या क्षेत्रातील समीक्षेपुढची मुख्य अडचण तिच्या जन्मापासून हीच राहिली.

आरंभीच्या समीक्षकांना तिची जाणीव असावी असे दिसते. अमेरिकेत 'व्हिडिओ' नावाच्या मासिकात १९७९ मध्ये आर्नी कॅट्झ व बिल कुंकेल ह्यांनी 'आर्केड ॲली' हे सदर सुरू केले. नियमित खेळसमीक्षेचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. १९८१ मध्ये रसेल साइप ह्यांनी 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' हे नियतकालिक काढले. त्याच्या समीक्षकांनी १९९४ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, कोणत्याही खेळाला गुण दिले नाहीत. वाचकांच्या मतदानावरून क्रमवारी प्रसिद्ध होत असे. पण परीक्षणाच्या लेखाखाली आकडा नसे. शिवाय तेथे खेळप्रकारागणिक जाणकार नेमलेले असत. युद्धखेळांवर लष्करी इतिहासाचा व्यासंगी लिही. साहसकथा व भूमिकाप्रधान खेळांवर 'स्कॉर्पिया' ह्या टोपणनावाने लिहिणारी समीक्षक लिही. तिचा धाक इतका होता की, 'माइट अँड मॅजिक' मालिकेतील दुसऱ्या खेळावर तिने कठोर टीका केल्यानंतर कर्त्यांनी तिसऱ्या खेळात त्याच नावाची एक राक्षसीण घातली. मराठी वाङ्मयातील खडाजंगी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, कर्त्याला झोंबले ते परीक्षणातील वाक्य होते.

आकड्यांचा मळा फुलला तो इंग्लंडात. लडलो ह्या लहान गावातून फेब्रुवारी १९८४ मध्ये 'क्रॅश' हे मासिक सुरू झाले. त्याचे परीक्षक बहुतांशी त्याच गावातील शाळकरी मुले होती. एकेका खेळावर तिघांची मते छापली जात आणि खाली टक्क्यांचे कोष्टक येई. संगणकाचा उपयोग, चित्रांकन, खेळण्यातील सुलभता, आरंभाची सोय, चटक लावण्याचा गुण, दामाचा मोबदला, आणि सर्वांत शेवटी एकंदर. हे कोष्टक निव्वळ बालिश म्हणून सोडून देण्याजोगे नाही. खेळाच्या कॅसेटी विकत घेणारा वाचक हा बहुधा खाऊच्या पैशांवर अवलंबून असलेला मुलगा होता. दुकानात खेळ चालवून पाहण्याची सोय बेताची आणि वेष्टनावरील चित्रे फसवी. त्याला रसग्रहणापेक्षा सल्ला हवा होता, आणि तो सल्ला त्याच्याच वयाची मुले देत होती. शिवाय प्रत्येक अंग वेगळे दाखविल्यामुळे वाचकाला आपल्या आवडीप्रमाणे निवड करता येई. ज्याला चित्रे नकोत, चटक हवी, तो चित्रांकनाच्या रकान्याकडे डोळेझाक करी. ॲलेक्सी पाजित्नोव्ह ह्यांचे 'टेट्रिस' हे ठोकळ्यांचे कोडे १९८४ मध्ये मॉस्कोत तयार झाले. चित्रांकनाच्या रकान्यात त्याच्या वाट्याला फारसे काही येऊ नये, आणि तरी त्याने जग जिंकावे, हे अशा कोष्टकात निदान दाखविता तरी येते. दोष शेवटच्या रकान्यात होता. एकंदराचा आकडा आधीच्या सहांची सरासरी नसे. तो कशाचा आहे हे कोणी सांगत नसे. आणि वाचकाची नजर प्रथम तेथेच जाई.

जपानात १९८६ साली निघालेल्या 'फामिकॉम त्सूशिन' ऊर्फ 'फामित्सू' ह्या नियतकालिकाने निराळी तोड काढली. चार परीक्षकांनी स्वतंत्रपणे दहापैकी गुण द्यावयाचे व त्यांची बेरीज चाळीसपैकी मांडावयाची. चौघांचे गुण शेजारीशेजारी छापलेले असल्यामुळे मतभेद लपत नसे. एकाने नऊ व दुसऱ्याने पाच दिले तर वाचकाला ते दिसे. चाळीसपैकी चाळीस गुण मिळविणारा पहिला खेळ १९९८ मधील 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम'. बारा वर्षे पूर्ण गुण कोणालाच मिळाले नाहीत, ह्यावरून त्या काळापुरता तरी ह्या मंडळाचा हात आखडता होता असे म्हणता येते.

गुण देण्याची रीत बदलली की खेळही बदलतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला परकी नाही. हुतूतूच्या तीन जुन्या प्रकारांत खेळाडू तेच, मैदान तेच, दमही तोच. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. गामिनीत बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. अमर प्रकारात स्पर्श झालेला गडी मैदानातच राहतो व प्रतिपक्षाच्या खात्यावर फक्त गुण मांडला जातो. नियमांतील एवढ्याशा फरकाने चढाईची हिंमत, बचावाची घाई आणि एका निष्णात गड्याचे मोल पार पालटते. गुणदान हे खेळाच्या बाहेर उभे राहून केलेले निरीक्षण नसते. ते खेळाच्या आत शिरते. संगणकीय खेळांच्या बाबतीत ते खेळाच्या निर्मितीतच शिरले. ही घटना एकविसाव्या शतकाच्या आरंभी घडली.

१९९९ मध्ये 'गेमरँकिंग्ज' आणि जानेवारी २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' ही दोन संकलने इंटरनेटवर सुरू झाली. अनेक नियतकालिकांतील परीक्षणांचे गुण एकत्र करून प्रत्येक खेळाचा शंभरापैकी एक सरासरी गुणांक काढावयाचा, हे त्यांचे काम. पहिले २०१९ च्या अखेरीस बंद पडले. दुसरे टिकले व प्रमाण मानले गेले. मेटाक्रिटिकच्या पद्धतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, सर्व नियतकालिकांना सारखे वजन दिले जात नाही. कोणाला किती द्यावयाचे हे संकलकाने स्वतःकडे ठेवले. दुसरी अशी की, जी नियतकालिके अक्षरश्रेणी देत त्यांचे रूपांतर आकड्यांत करण्यात आले. अमेरिकन शाळेत बी-उणे ही श्रेणी मिळालेला मुलगा ऐंशीच्या घरात आहे असे समजतात. संकलकाच्या कोष्टकात मात्र त्याच श्रेणीचे ६७ झाले, आणि सी श्रेणीचे ५०. परीक्षकाने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले गेले.

तिसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. हेच संकलन चित्रपटांचेही गुणांक काढते. चित्रपटाला ६१ वा त्याहून अधिक गुण मिळाले तर त्याला अनुकूल परीक्षणांचा हिरवा रंग मिळतो. खेळाला तो मिळण्यासाठी ७५ लागतात. म्हणजे सत्तर गुणांचा चित्रपट चांगला आणि सत्तर गुणांचा खेळ संमिश्र. खेळांचे परीक्षक सढळ हाताने गुण देतात, दहापैकी सात म्हणजे बेताचा खेळ असे सर्वांनी मनोमन धरलेले असते, हे त्यामागील कारण. पट्टीचा खालचा निम्मा भाग वापरावयाचाच नाही असा अलिखित संकेत पडला, की आकड्याचा अर्थ शब्दाहूनही सैल होतो. ७५ ची ही रेषा महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त परीक्षेच्या विशेष प्रावीण्याच्या रेषेशी तंतोतंत जुळते. तो निव्वळ योगायोग असला तरी परीक्षेचा वास त्याला येतो खरा.

सरासरीने काय हरवते ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१० मधील 'डेडली प्रिमोनिशन' हा जपानी खेळ. एका अमेरिकन गावातील खुनाचा तपास करणाऱ्या, किंचित वेडसर अधिकाऱ्याची ती कथा आहे. चित्रांकन जुनाट, हालचाली ओबडधोबड, आणि पात्रचित्रण मात्र विलक्षण. 'आयजीएन'च्या अमेरिकन आवृत्तीने त्याला दहापैकी दोन गुण दिले. 'डिस्ट्रक्टॉइड'ने दहापैकी दहा. दोन्ही परीक्षणे वाचली तर दोन्ही समीक्षकांनी बहुतेक त्याच गोष्टी पाहिल्या होत्या असे आढळते. एकाला त्या दोषांपुढे कथा दिसेना. दुसऱ्याला ते दोषही त्या कथेच्या विक्षिप्तपणाचा भाग वाटले. वाचकाला ह्या दोन मतांमधील अंतर कळणे हाच खरा लाभ होता. सरासरीच्या मधल्या आकड्यात ते अंतर पुसले गेले. दोनाचा आणि दहाचा मध्य सहा येतो. पण सहा गुणांचा तो खेळ कोणीच खेळला नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तरी हा वाद वाचकांपुरता राहिला असता. परंतु प्रकाशक कंपन्यांना सरासरीचा आकडा हाती येताच त्याचा उपयोग कर्त्यांची मजुरी ठरविण्यासाठी होऊ लागला. कॅलिफोर्नियातील 'ऑब्सिडियन' ह्या निर्मितिसंस्थेने 'बेथेस्डा' ह्या प्रकाशकासाठी 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ तयार केला व तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास जादा मोबदला, अशी करारात अट होती. गुण पडले ८४. संस्थेतील लेखक ख्रिस ॲव्हेलोन ह्यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट उघड केली. कोण्या नियतकालिकाला किती वजन, कोणती श्रेणी किती आकड्यांची, ह्या संकलकाच्या निर्णयांवर एका टोळीची वर्षाची कमाई अवलंबून राहिली. खेळ चांगला की वाईट हा प्रश्न ह्या व्यवहारात कोठेच नाही. एका गुणाने नापास झालेल्या मुलाची हकीकत प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगत असतो. येथे नापास झाले ते साठ-सत्तर माणसांचे काम.

उलट बाजूने परीक्षकावर दडपण येणेही अपरिहार्य होते. नोव्हेंबर २००७ मध्ये 'गेमस्पॉट'चे ज्येष्ठ समीक्षक जेफ गर्स्टमन ह्यांनी 'केन अँड लिंच : डेड मेन' ह्या खेळाला दहापैकी सहा गुण दिले. त्याच खेळाच्या जाहिराती त्याच पृष्ठांवर झळकत होत्या. काही दिवसांत त्यांना काढून टाकण्यात आले. त्यामागील दडपणाची हकीकत त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितली. परीक्षण वाचून नाराज होणाऱ्या प्रकाशकाशी वाद घालता येतो, कारण वाक्याला उत्तर असते. सहाच्या आकड्याला सात करा एवढीच मागणी असते, आणि तिला हो किंवा नाही ह्यांपलीकडे तिसरे उत्तर नसते.

ग्रंथ छापून झाला की तो स्थिर होतो; आधुनिक खेळ तसा होत नाही. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' ह्या नगररचनेच्या खेळाची नवी आवृत्ती आली. 'पॉलिगॉन'ने तिला दहापैकी साडेनऊ गुण दिले. प्रत्यक्ष विक्रीच्या दिवशी प्रकाशकाच्या संगणकांवर ताण पडून लोकांना खेळात प्रवेशच मिळेना. तेव्हा गुण आठवर आले, मग चारवर, आणि व्यवस्था सुधारल्यावर साडेसहावर. हा चढउतार हास्यास्पद वाटला तरी प्रामाणिक होता, कारण दर वेळी खेळ खरोखरच निराळा होता. परीक्षकाचा पहिलाच गुण ग्राह्य धरावयाचा, ह्या संकलकाच्या धोरणामुळे सरासरीत मात्र साडेनऊच कायम राहिले. प्रकाशकाने दडपण आणून गुण वाढवून घेऊ नयेत म्हणून केलेला हा नियम सदोष खेळाच्याच पथ्यावर पडला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्लंडातील 'युरोगेमर'ने गुण देणे बंद केले व त्याऐवजी 'अत्यावश्यक', 'शिफारस', 'टाळा' अशी मोजकी पदे ठेवली. २०२३ मध्ये त्याच प्रकाशनाने पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. आकड्यावाचून राहणे किती अवघड आहे ह्याचा हा पुरावाच म्हणावयाचा. दरम्यान २०१३ पासून 'स्टीम' ह्या विक्रीकेंद्रावर ग्राहकांना खेळाची शिफारस करा वा करू नका असे द्विविध मत देता येऊ लागले. लोकमताने तज्ज्ञांची चूक सुधारेल अशी अपेक्षा असेल तर ती सर्वस्वी पुरी झाली नाही. २०१३ मधील 'गॉन होम' ह्या खेळात लढाई नाही, शत्रू नाही, हरणे नाही. एका रिकाम्या घरात फिरून पत्रे व वस्तू पाहात कुटुंबाची कथा जुळवावयाची एवढेच. समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली. मेटाक्रिटिकवरील खेळाडूंच्या मतांत त्याला जेमतेम निम्म्याच्या आसपास गुण पडले. हा खेळच नव्हे, असा अनेकांचा आक्षेप होता. वादाचा खरा विषय खेळाची जात कोणती हा होता, आणि तो गुणांच्या वेषात लढला गेला.

वर्धा योजनेतील विवेक येथे पुन्हा उपयोगी पडतो. खेळात सुतासारखे मोजण्याजोगे बरेच असते : चित्रे अडखळतात काय, कळ दाबल्यापासून हालचाल होईपर्यंत किती वेळ जातो, खेळ मध्येच बंद पडतो काय, किती तासांत संपतो. हे आकडे दुसऱ्या कोणालाही पडताळता येतात आणि ग्राहकाला ते मिळालेच पाहिजेत. 'क्रॅश'च्या कोष्टकातील पहिले रकाने ह्या जातीच्या जवळचे होते. गावातील पोरांनी केलेली ती मोजणी, पुढच्या काळातील व्यासंगी संकलनापेक्षा, अंक, कस व समानता वेगवेगळी पाहणाऱ्या सेवाग्रामच्या रीतीशी अधिक मिळतीजुळती होती. कथेची खोली, चित्रसृष्टीचे नावीन्य, एखाद्या संस्कृतीचे पडद्यावर प्रथमच झालेले दर्शन ह्या गोष्टी तारांत मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी परीक्षण आहे. मोजता येणाऱ्या दोषाने न मोजता येणाऱ्या गुणाची वजाबाकी करणे, ही एकंदराच्या आकड्याची मूळ लबाडी होय.

भारतात खेळसमीक्षा इंग्रजी संगणकमासिकांतून आली. 'डिजिट' ह्या मासिकाच्या परिवारातून निघालेल्या खेळविषयक प्रकाशनाचे नावच 'स्कोअर' होते, ह्यावरून गुणांकाचा महिमा केवढा होता ते दिसते. ही समीक्षा दीर्घकाळ परदेशी खेळांचीच होती, कारण मोजावयास देशी खेळच नव्हता. २००९ मध्ये हैदराबादेतील एका संस्थेने प्लेस्टेशन-२ ह्या यंत्रासाठी 'हनुमान : बॉय वॉरियर' तयार केला. त्या यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला खेळ म्हणून त्याचे महत्त्व आहे. परीक्षकांनी त्याला फार कमी गुण दिले. त्या निकालाबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. पौराणिक विषय घेतला म्हणून ओबडधोबड काम क्षम्य ठरत नाही.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' ह्या खेळाची गोष्ट वेगळी. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहानशा संस्थेने तो तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी काम चालू राहिले, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रथम निन्टेंडो स्विच ह्या यंत्रावर व ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला. राजी ही खेळ दाखवून पोट भरणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू ह्याला महाबलासुराचे राक्षस पळवितात, आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू ह्यांच्या संवादातून कथा पुढे सरकते. वास्तूंवर राजस्थानची छाप आहे, रंगयोजनेवर पहाडी चित्रशैलीची, आणि कथाभागातील काही प्रवेश छायाबाहुल्यांच्या धर्तीवर मांडलेले आहेत. ठिकठिकाणी भिंतींवर पुराणकथांची चित्रे असून खेळाडूने थांबून ती पाहावीत, ऐकावीत, अशी योजना आहे. कोकण-सिंधुदुर्गातील चित्रकथी ज्याने पाहिली आहे त्याला ह्या योजनेचे कुळ ओळखता येईल : चित्रापुढे थांबणे हा तेथे कथेचा खोळंबा नसतो, तीच कथा असते.

परीक्षणांत चित्रसृष्टी, संगीत व विषय ह्यांची बहुतेकांनी स्तुती केली. द्वंद्वयुद्धातील हालचालींचा जडपणा, स्थिर दृष्टिकोनामुळे होणारी अडचण, थोडक्यात आटोपणारा विस्तार आणि तुटक शेवट ह्यांवर टीका केली. ही टीका अन्यायाची नव्हती. चढाईच्या वेळी दृष्टिकोन आड येतो हे कोणीही पडताळून पाहू शकतो. सरासरी गुणांक सत्तरीच्या आसपास स्थिरावला, म्हणजे संकलनाच्या पट्टीत पिवळ्या, संमिश्र वर्गात. हाच आकडा चित्रपटाचा असता तर रंग हिरवा झाला असता. अनेकांनी खेळाची तुलना 'प्रिन्स ऑफ पर्शिया'शी केली. ती सोयीची होती आणि कर्त्यांनाही तो वारसा अमान्य नव्हता; पण त्या तुलनेबरोबर त्या प्रकाराची पट्टीही आली. हल्ला व उडी ह्यांच्या खेळात भिंतीवरील चित्रापुढे थांबणे हा अलंकार ठरतो, अंग ठरत नाही. अलंकाराचे गुण थोडे. चित्रकथीच्या वाटेने आलेल्या परीक्षकाने तोलाचे भार कदाचित उलटे ठेवले असते, आणि द्वंद्वयुद्धाचा दोष तरीही नमूद केला असता. त्या दोन वाटांमधील निवड कोणत्याही आकड्यात दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठी जे पाच खेळ निवडले गेले त्यांत 'राजी' होता. पारितोषिक मिळाले 'फॅस्मोफोबिया' ह्या इंग्लंडातील खेळाला. निवडीची ही रीत सरासरीहून जुनी व मोकळी आहे. तेथे कोण का निवडला ह्यावर निदान भांडता येते.

२०२२ मध्ये 'राजी'ची सुधारित आवृत्ती निघाली. परीक्षकांनी दाखविलेल्या दोषांपैकी हालचाली व दृष्टिकोन ह्यांत कर्त्यांनी दुरुस्त्या केल्या आणि पात्रांना हिंदी आवाज दिले. दुर्गा व विष्णू ह्यांचे संवाद तोपर्यंत इंग्रजीत ऐकावे लागत होते. परीक्षणांतील वाक्यांचा उपयोग पुण्यातील त्या मंडळींनी अशा रीतीने करून घेतला. सरासरीचा जो आकडा त्या खेळाच्या नावापुढे लागला, तो २०२० च्या ऑगस्ट-ऑक्टोबरातील पहिल्या आवृत्तीचा आहे.